दातांचा इन्शुरन्स: कंपनीचा टॉप-अप घ्यावा की नुसते पैसे बाजूला टाकावेत?

वर्तकनगरवाला
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमच्या कंपनीत दरवर्षी मेडिक्लेमच्या नावनोंदणीची विंडो उघडते, आत्ता उघडलीये आणि महिनाअखेरीला बंद होणार. यंदा पहिल्यांदाच त्यात डेंटलचा टॉप-अप दिलाय. प्रीमियम ४,८०० अधिक १८ टक्के जीएसटी, पगारातून कापणार. मी, बायको, दोन मुलं मिळून वर्षाला १५,००० ची लिमिट, वर २० टक्के को-पे म्हणजे बिलाचा पाचवा हिस्सा आपल्या गळ्यात. तपासणी, एक्स-रे, फिलिंग, रूट कॅनाल, दात काढणं आणि वर्षातून एकदा क्लिनिंग एवढं त्यात बसतं. कॅप, ब्रेसेस, इम्प्लांट, व्हाइटनिंग बसत नाही. बायकोच्या दाढेचं रूट कॅनाल सांगितलंय, धाकट्याला दोन फिलिंग आहेत. बायको म्हणते घेऊन टाक, विचार काय करायचाय त्यात. मला त्या १५,००० च्या आकड्याकडे बघून शंका येतेय. बाहेर चांगला डेंटल प्लॅन मिळतो का? गूगल केलं की सगळी अमेरिकेतली माहिती येते. कुणी घेतलाय का?

तलावपाळी_कट्टा
वाचतोय. आमच्या घरात सगळ्यांचे दात एकाच वर्षी संपावर गेलेत.

बाळकूमचा_बाळू
अहो नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दात येतातच की. आरोग्य संजीवनी नावाच्या मेडिक्लेम पॉलिसीच्या कागदात मी स्वतः वाचलंय, आजारामुळे किंवा इजेमुळे लागलेले दातांचे उपचार कव्हर. मग वेगळा कशाला काढायचा?

क्लेमवाली
बाळूभाऊ, वाचलंत ते बरोबर, पण ते वाक्य कुठल्या मथळ्याखाली छापलंय ते बघा ना. हॉस्पिटलायझेशनच्या खर्चाखाली आहे. म्हणजे ॲडमिट व्हायला पाहिजे, नाहीतर डे-केअर प्रोसिजर, म्हणजे हॉस्पिटलात एका दिवसात उरकणारी, तरी पाहिजे. क्लिनिकच्या खुर्चीत बसून केलेलं रूट कॅनाल म्हणजे ओपीडी, ते त्यात येत नाही. बाकी बऱ्याच पॉलिसीत तर याहून कडक असतं, अपघातात लागलं आणि ॲडमिट व्हावं लागलं तरच दातांचं बिल, बाकी सगळं एक्स्क्लूजनमध्ये. मी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेम तपासायचे म्हणून सांगते, लोक "डेंटल कव्हर्ड" एवढंच वाचून येतात आणि मग आमच्यावर चिडतात.

आणि वर्तकभाऊ, बाहेरचं म्हणाल तर फक्त दातांची अशी सुटी पॉलिसी आपल्याकडे सहसा हाताला लागत नाही. मिळतो तो मेडिक्लेमला जोडलेला ओपीडी रायडर, त्यात दात एक पोटकलम. किंवा मग क्लिनिकवाल्यांचं मेंबरशिप कार्ड, जे मुळात इन्शुरन्स नाहीच. ओळखायची खूण सोपी आहे, इन्शुरन्सच्या कागदावर यूआयएन, म्हणजे पॉलिसीचा ओळख नंबर असतो, तो विमा नियामक आयआरडीएआयच्या साइटवर शोधता येतो. कार्डवर यूआयएन नसेल तर ते डिस्काउंट कूपन समजा. उद्या क्लिनिकने शटर ओढलं तर तुमची तक्रार विम्याची म्हणून कुणी घेणार नाही, ग्राहक आयोगात जा म्हणतील.

न्यूजर्सीतला_ठाणेकर
अमेरिकेतली माहिती येते म्हणालात म्हणून लिहितो, इकडचं वाचून तिकडे ठरवू नका. इकडे मेडिकल वेगळा आणि डेंटल वेगळा असतो, नोकरीतून मिळतो. सर्वसाधारण साचा १००-८०-५० असा, म्हणजे तपासणी आणि क्लिनिंग पूर्ण, फिलिंगसारख्या कामाला ८० टक्के, कॅप-ब्रिजला ५०. पीपीओ घेतला तर डॉक्टर निवडायची मोकळीक, एचएमओ स्वस्त पण त्यांच्याच यादीतल्या डॉक्टरकडे जा. पण खरी मेख वर्षाच्या कमाल रकमेत आहे. बऱ्याच प्लॅनमध्ये ती हजार ते दोन हजार डॉलरच्या आसपास असते आणि एका रूट कॅनाल आणि कॅपमध्ये ती उडते. मग पुढचं खिशातून. शिवाय काही प्लॅनमध्ये मिसिंग टूथ क्लॉज असतो, पॉलिसी घ्यायच्या आधी पडलेल्या दाताच्या जागी काही बसवायचं तर पैसे नाहीत. मी दर दोन वर्षांनी ठाण्यात आलो की पहिलं काम दातांचं करतो ते उगाच नाही.

अवांतर: आईबाबांना इकडे आणणार असाल तर त्यांचे दात तिकडेच तपासून, जे काही असेल ते उरकून मगच विमानात बसवा. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये दाताचं म्हणजे अचानक उठलेली कळ शमवण्यापुरतं थोडंसं असतं, कवळी तुटली तर काही नाही.

दंतकथा
मी डेंटिस्ट आहे, कोपरखैरण्यात प्रॅक्टिस. कुठल्याही कंपनीशी माझा संबंध नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

दातांचा विमा तुटपुंजा का असतो ते आधी समजून घ्या म्हणजे चिडचिड कमी होईल. दाताचं बरंचसं काम लोकांना आधीच माहीत असतं आणि पुढे ढकलता येतं. हार्ट ॲटॅक सांगून येत नाही, पण कीड लागलेली दाढ सहा महिने ठणकत असते, मग माणूस पॉलिसी काढतो आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे येतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून मग वेटिंग पीरियड (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ क्लेम नाही), सब-लिमिट (एकेका कामाला वेगळी कमाल रक्कम), को-पे, वर्षाला एकच क्लिनिंग असले सगळे अडसर. त्यात ज्याचे दात उत्तम तो असली पॉलिसी घेतच नाही, म्हणजे पैसे भरणारे सगळे क्लेम करणारेच.

तेव्हा प्लॅन चांगला की वाईट हे ठरवायच्या आधी तुमच्या घरातल्या चार तोंडांत काय काम शिल्लक आहे ते कळायला हवं. चौघांची तपासणी करून घ्या. मोठ्यांचा एक ओपीजी काढा, तो एकाच फिल्ममध्ये दोन्ही जबड्यांचा एक्स-रे असतो, त्यात अक्कलदाढा, हाड किती झिजलंय ते दिसतं. आणि डॉक्टरला सांगा ट्रीटमेंट प्लॅन कागदावर लिहून द्या, दातागणिक, रकमेसकट. त्यात लगेचचं काय आणि थांबू शकतं ते काय हेही लिहून घ्या. एवढं हातात आलं की प्लॅनचा हिशोब पाच मिनिटांचा आहे.

आणि रूट कॅनाल कव्हर आहे पण कॅप नाही हे नीट लक्षात घ्या. दाढेचं रूट कॅनाल केल्यावर बहुतेक वेळा कॅप बसवावीच लागते, नाहीतर पोकळ झालेली दाढ चावताना तडकते. म्हणजे कामाचा मोठा भाग तुमच्याच खिशातून जाणार आहे.

ऐरोली_नॉट_आऊट
+१ डॉक्टर. माझा भाऊ घोडबंदर रोडला खड्ड्यात बाइकवरून पडला, जबडा फ्रॅक्चर आणि वरचे समोरचे दोन दात गेले. ॲडमिट होता, जबड्याला प्लेट बसवली त्याचे पैसे मेडिक्लेमने व्यवस्थित दिले, कॅशलेस. पण ते दोन दात परत बसवायचं काम हाड भरल्यावर करायचं होतं ना, तेव्हा कुठे ॲडमिशन, क्लिनिकमध्येच इम्प्लांट केले, तर क्लेम रिजेक्ट, म्हणे ओपीडी. अहो दात अपघातातच गेलेत ना, एकाच डिस्चार्ज पेपरवर लिहिलंय! नाव घेत नाही कंपनीचं, भांडण अजून चालू आहे.

क्लेमवाली
ऐरोलीकर, डिस्चार्ज समरीमध्ये "दोन दात गेले, पुढे इम्प्लांट लागतील" असं स्पष्ट लिहिलं असेल तर सोडू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार कायम ठेवला तर विमा लोकपालाकडे. आता त्यांचं ठाण्यातही ऑफिस आहे, मुंबईला जायला नको. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं एवढं सांभाळा. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, पॉलिसीचे शब्द बघावे लागतील. पोस्ट-हॉस्पिटलायझेशनचे, म्हणजे डिस्चार्जनंतरचा खर्च मिळायचे, किती दिवस आहेत तेही बघा, इम्प्लांट त्या मुदतीत झालं असेल तर तुमची बाजू जरा जड होते.

खारघरची_माई
तुम्ही सगळे चाळिशीतले दिसता. माझं वय ६६, शुगर आहे, खालच्या चार दाढा नाहीत. एका एजंटने ओपीडी रायडर गळ्यात मारायचा प्रयत्न केला, वर्षाला दातांसाठी ५,००० म्हणे. इम्प्लांटचा एक स्क्रू तरी येतो का हो तेवढ्यात? मी सरळ डेंटल कॉलेजला गेले. आपल्या नवी मुंबईत कॉलेजांचा सुकाळ आहे, नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एमजीएम. शिकणारी मुलं करतात आणि त्यांचे सर डोक्यावर उभे असतात. बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त. वेळ मात्र भरपूर जातो, एकेका भेटीत दोन-तीन तास, आणि काम करणारी विद्यार्थिनी परीक्षेला गेली की काम थांबतं. मला वेळच वेळ आहे, डबा घेऊन जाते.

तलावपाळी_कट्टा
माई __/\__ डबा भारी.
मध्य रेल्वेवाल्यांसाठी भर घालतो, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, उशीर केलात तर रांगेतच दुपार.

बाळकूमचा_बाळू
माई, इन्कम टॅक्सचं पण बघा. ६० च्या वरच्या माणसाचा मेडिक्लेमच नसेल तर औषधोपचाराच्या खर्चावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते जुन्या कर प्रणालीत. दातांची बिलंही उपचाराचीच. फक्त पैसे रोख द्यायचे नाहीत, यूपीआय किंवा चेकने द्या, बिलावर नाव नीट घ्या. नवीन प्रणालीत असाल तर यातलं काही नाही.

खारघरची_माई
बाळू, मेडिक्लेम आहे रे माझा. पण आमच्या शेजारच्या काकूंचा नाही, त्यांना सांगते.

वर्तकनगरवाला
सगळ्यांचे आभार. डॉक्टर म्हणाल्या तसा कागद करून आणला, शनिवारी चौघं पाचपाखाडीतल्या आमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडे जाऊन बसलो, धाकट्याने तिथला मासा सोडलेला टँक बघत वेळ काढला. तर हिशोब असा.

बायकोचं रूट कॅनाल ६,५००. त्यावरची कॅप ८,०००, ती प्लॅनमध्ये नाही. धाकट्याची दोन फिलिंग ३,०००. माझं आणि बायकोचं क्लिनिंग प्रत्येकी १,२००. म्हणजे प्लॅनमध्ये बसणारं काम ११,९००, त्यातले २० टक्के माझे, म्हणजे हातात येणार ९,५२०. प्रीमियम जीएसटीसकट ५,६६४. यंदा ३,८५६ फायद्यात.

इथपर्यंत वाटलं घेऊन टाकू आणि पुढच्या वर्षी सोडू. मग एचआरच्या एफएक्यूमध्ये खाली बारीक अक्षरात सापडलं, एकदा घेतला की दोन वर्षं सोडता येणार नाही. पुढच्या वर्षी समजा नुसतं दोघांचं क्लिनिंग केलं तर मिळणार १,९२०, भरणार ५,६६४. तोटा ३,७४४. म्हणजे दोन वर्षांचा निव्वळ नफा ११२ रुपये. दोघांचा वडापाव-चहा.

ऐरोली_नॉट_आऊट
हाहाहा ११२. कंपनीच्या गणितवाल्यांना दंडवत.

न्यूजर्सीतला_ठाणेकर
जीएसटी अजून आहे का? मी तर वाचलं हेल्थ इन्शुरन्सवरचा काढला म्हणून.

क्लेमवाली
२२ सप्टेंबर २०२५ पासून काढला तो वैयक्तिक पॉलिसीवरचा, फॅमिली फ्लोटर आणि सीनियर सिटिझनसुद्धा त्यात आले. ग्रुप पॉलिसीला ती सूट नाही, आणि हा टॉप-अप कंपनीच्या ग्रुप पॉलिसीला जोडलेला आहे, म्हणून १८ टक्के.

पण वर्तकभाऊ, ग्रुपचा एक फायदा तुमच्या हिशोबात आलेला नाही. ग्रुपमध्ये बऱ्याचदा वेटिंग पीरियड माफ असतो, म्हणजे आत्ता सांगितलेलं रूट कॅनाल लगेच करता येतं. बाहेर रायडर घेतलात तर हे काम आधीपासूनचं म्हणून अडकू शकतं. तुमच्या कागदात तसं लिहिलंय का ते मात्र मेलवर विचारा, फोनवर नको. मेलचं उत्तर जपून ठेवा.

अजून एक, कॅशलेस नेटवर्कमध्ये तुमचे पाचपाखाडीवाले डॉक्टर आहेत का? नसतील तर रिइम्बर्समेंट, म्हणजे आधी तुम्ही भरा आणि मग परत मागा. काही प्लॅनमध्ये रिइम्बर्समेंट चालतच नाही, त्यांच्या ॲपवरून त्यांच्याच क्लिनिकची अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि ठाण्यात यादीतलं क्लिनिक नेमकं तुमच्यापासून दुसऱ्या टोकाला असतं. संध्याकाळी घोडबंदरला कोण जाणार रूट कॅनालच्या तीन सिटिंगला.

दंतकथा
वर्तकनगरवाला, ओपीजीत तुमच्या स्वतःच्या अक्कलदाढांबद्दल काय म्हणाले? ते तुम्ही लिहिलंच नाही.

वर्तकनगरवाला
डॉक्टर, मी मुद्दाम टाळत होतो :) खालची उजवी आडवी आहे म्हणाले, हाडात रुतलेली. आत्ता दुखत नाही. कधीतरी काढावी लागेल, छोटी सर्जरी, ७,००० ते ९,०००. शिवाय मोठीला ब्रेसेस लागतील दोन वर्षांनी, पण त्या प्लॅनमध्ये नाहीतच म्हणून धरल्या नाहीत.

दंतकथा
मग हिशोब बदलला की. ती दाढ पुढच्या दाढेला टेकलेली असेल तर मध्ये अन्न अडकून चांगल्या दाढेला कीड लागते, हे आम्ही रोज बघतो. ती दुसऱ्या वर्षात काढलीत तर दुसरं वर्षही वाया जात नाही. फक्त दोन अटी. एक, तुमच्या डेंटिस्टने थांबायला हरकत नाही असं म्हटलं पाहिजे. दुखलं, सूज आली, तोंड पूर्ण उघडेना तर पॉलिसीचं वर्ष बघत बसायचं नाही, लगेच जायचं. दोन, "दात काढणं" यात सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन धरलंय का ते विचारा. साधं काढणं आणि हाड कापून काढणं यांचे दर वेगळे असतात आणि काही कागदांत पहिलंच धरलेलं असतं.

आणि रूट कॅनाल कृपया अजिबात पुढे ढकलू नका कुठल्याही विंडोसाठी. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली की औषधाने फक्त दुखणं दबतं, दाढ काही बरी होत नाही.

वर्तकनगरवाला
एचआरचं उत्तर आलं. वेटिंग नाही. सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन कव्हर आहे, एका दाताला कमाल ८,०००. रिइम्बर्समेंट चालतं पण डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर बिलावर पाहिजे. लिमिट न वापरलेली पुढच्या वर्षी जात नाही. घेतोय मग. दुसऱ्या वर्षी दाढेचे ८,००० धरले तर ६,४०० आणि क्लिनिंगचे १,९२०, म्हणजे तेव्हाही अडीच हजार वर राहतात. बायकोला सांगितलं, ती म्हणाली मी पहिल्याच दिवशी हेच म्हणत होते.

तलावपाळी_कट्टा
वहिनींना +१००. इथे इतके प्रतिसाद पाडण्यापेक्षा घरी ऐकलं असतं तर.

मी मात्र घेत नाहीये. आमच्याकडे दोघंच, काम झालेलं आहे, उरलंय ते फक्त क्लिनिंग. महिन्याला ५०० ची आरडी टाकतो दातांच्या नावाने, वर्षाला सहा हजार. नाही लागले तर माझेच.

क्लेमवाली
तुमच्यासाठी तेच बरोबर.

वर्तकभाऊ, क्लेम पास व्हायचा तर बिलाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त कागद इथेच परत यायचे. "डेंटल ट्रीटमेंट, रुपये ९,५००" असं एका ओळीचं बिल अजिबात घेऊ नका. कुठल्या दाताचं काम, तर दाताचा नंबर पाहिजे, जसं ३६ म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ. रूट कॅनाल वेगळी ओळ, कॅप वेगळी ओळ, एक्स-रे वेगळी ओळ. कॅप कव्हर नाही ना, मग ती रूट कॅनालमध्ये मिसळलेली दिसली की तपासणारा अख्खं बिल क्वेरीत टाकतो. कामाआधीचा आणि कामानंतरचा एक्स-रे मागून घ्या, डिजिटल असेल तर व्हॉट्सॲपवर नको, त्यात फाइल बारीक होते, मेलवर मागा. प्रिस्क्रिप्शनवर निदान लिहिलेलं हवं. आणि कुणी म्हणालं ना की कॅपचे पैसे रूट कॅनालच्या नावाने लावून देतो, तर नको म्हणा. एक्स-रेमध्ये सगळं दिसतं आणि मग खोटा क्लेम म्हणून तुमच्या कंपनीला मेल जातो.

दंतकथा
हे शेवटचं ठळक अक्षरात वाचा सगळ्यांनी. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच मला.

वर्तकनगरवाला
वाचनखूण साठवली. एक शेवटचं, पोर्टलवर धाकट्याचं नाव नुसतं घरचं टाकलेलं आहे, आधारवर पूर्ण नाव आहे. चालेल का?

क्लेमवाली
नाही चालणार. विंडो उघडी आहे तोवर आजच बदला, डॉक्टरच्या बिलावरही तेच पूर्ण नाव घ्या. बंद झाल्यावर एचआरला एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत दुरुस्तीचा कागद, काढायला लावावं लागतं आणि तोवर फिलिंगचं बिल पडून राहतं. बहुतेक ठिकाणी क्लेम टाकायला ठरावीक दिवसांची मुदत असते, ती तुमच्या कागदात किती आहे तेही त्याच मेलमध्ये विचारून टाका.